नाव बदलण्याआधी गिऱ्हाईक काय मागतं ते ऐका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेली दोन-तीन वर्षं आमच्या छापखान्यात येणाऱ्या लहान उद्योजकांच्या तोंडी 'रिब्रँडिंग' हा शब्द सारखा ऐकू येतो. पापड-मसाले करणाऱ्या बायका, खाजेकार, काजू भाजून विकणारे, कोकम सरबतवाले, अशा सगळ्यांना कुणी ना कुणी सांगितलेलं असतं की तुमचं नाव जुनाट झालं, लेबल गावठी दिसतं, ते बदललं तर माल मोपाच्या विमानतळावरच्या दुकानांत जाईल, ऑनलाइन खपेल. सांगणारं माणूस बहुधा घरातलंच. बेंगळुरूला नाहीतर पुण्याला नोकरीला असलेला मुलगा, भाचा, नाहीतर नुकतीच घरात आलेली सून. हेतू चांगलाच असतो. पण नाव बदलायचं की नाही हे ठरवण्याची पद्धत जिथे तिथे सारखीच दिसते. मोबाइलवर चार डिझाइनं पाहायची, त्यातलं एक घरच्यांना आवडलं की ठरलं. गिऱ्हाइकाला कुणी विचारत नाही, दुकानदाराला तर नाहीच. फोंड्यात लेबलं छापून पोट भरणारा माणूस म्हणून मला या विषयावर सविस्तर लिहावंसं वाटलं. कुणी नाव बदललं की छपाईचं काम माझ्याकडेच येतं, तेव्हा यात माझा तोटा नाही. तरीही ज्यांनी चांगलं चाललेलं नाव हातानं पुसून टाकलं त्यांचे चेहरे मी पाहिले आहेत, म्हणून हा खटाटोप.

मार्दोळ भागातल्या एका घरगुती उद्योगाची हकीकत सांगतो. सासूबाईंनी सुरू केलेला व्यवसाय, आता सूनबाई चालवतात. शाकुतीचा मसाला, तिखट, कुळथाचं पीठ, उडदाचे पापड, उन्हाळ्यात सोलं, म्हणजे आमसुलं. पुडीवर वर सासूबाईंचं नाव, खाली लाल पट्टा, आणि पट्ट्यात पांढऱ्या रेघांनी काढलेला कळस. तो कळस आमच्याच छापखान्यातल्या एका जुन्या ब्लॉकवरून आलेला आहे. वडील खिळे जुळवून ट्रेडल या पायानं चालवायच्या यंत्रावर छापायचे तेव्हा लग्नपत्रिकांसाठी ठेवलेल्या ब्लॉकांपैकी तो एक. पुढे ऑफसेट आलं, संगणक आला, कळस मात्र स्कॅन होऊन तसाच पुडीवर राहिला. त्याची डावीकडची रेघ जराशी तुटलेली आहे, तीही तशीच राहिली.

त्यांच्या भाच्यानं नवं लेबल करून आणलं. काळी मॅट पुडी, बारीक सोनेरी रोमन अक्षरं, नावात 'गोवन' आणि दुसरा एक इंग्रजी शब्द. डिझाइन खरोखर देखणं होतं, आणि मुलानं त्यावर मन लावून काम केलं होतं. घरात मात्र वाद पेटला होता. आईचं नाव काढायचं नाही असं मुलगा म्हणत होता, आणि या नावानं माल पणजीच्या पुढे जाणार नाही असं भाचा. दोघे माझ्या टेबलासमोर बसून भांडले. सूनबाई काहीच बोलेनात. त्यांना मी एवढंच सुचवलं की आज काही छापू नका. तुमचा माल ज्या दुकानांत असतो तिथे जाऊन बसा आणि लोक तो कसा मागतात ते ऐका.

सूनबाई वरच्या बाजारातल्या एका पसरकाराकडे, म्हणजे किराणा दुकानदाराकडे, बाजाराच्या दिवशी जाऊन बसल्या, नंतर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातही गेल्या. परत आल्या त्या वहीत लिहूनच. एक आजी म्हणाली, "तांबड्या पट्ट्याचो मसालो दी." दुसरीनं मागितली "कळसाची पुडी". एका मुलानं आईनं पाठवलेला रिकाम्या पुडीचा फोटोच मोबाइलवर दाखवला. एकजण बोटानं फळीकडे दाखवून "ती" म्हणाला आणि दुकानदारानं बरोबर तीच पुडी काढून दिली. सासूबाईंचं नाव घेऊन मागणारे फार थोडे निघाले, आणि तेही सगळे मार्दोळ-मंगेशीच्या आसपासचे, म्हणजे ज्यांना त्या घराची ओळख होती.

घरात भांडण नावावरून चाललं होतं आणि बाहेर गिऱ्हाइकानं धरून ठेवला होता लाल पट्टा. भाच्याच्या डिझाइनमध्ये नेमका तोच नव्हता. ती वही माझ्या टेबलावर उघडी पडली तेव्हा दोघांचाही आवाज खाली आला. मग ठरलं ते असं. पट्टा आणि कळस राहतील. सासूबाईंचं नावही राहील, कारण त्या नावाचा दुसरा मसाला बाजारात कुठे नाही. अक्षर मात्र ठसठशीत आणि सुटसुटीत करायचं. भाच्याच्या कामातलं जे चांगलं होतं ते सगळं घेतलं. पुन्हा बंद होणारी पुडी, मागच्या बाजूला शाकुतीची कृती, आणि बाहेरच्या माणसासाठी खाली रोमन लिपीत नाव. विक्री दुप्पट झाली असं मी लिहिणार नाही, तसं घडलेलं नाही. पण जुनं गिऱ्हाईक सुटलं नाही आणि पणजीतल्या दुकानांत माल लागू लागला.

ही गोष्ट लहान धंद्यापुरतीच आहे असं कुणी समजू नये. २००९ साली अमेरिकेत ट्रॉपिकाना या संत्र्याच्या रसाच्या कंपनीनं खोक्यावरचं संत्र्यात खुपसलेल्या नळीचं चित्र काढून टाकलं आणि नवं, आधुनिक खोकं आणलं. आतला रस तोच होता. दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे वीस टक्क्यांनी घसरली आणि कंपनीला जुनं खोकं परत आणावं लागलं. आपल्याकडचं उलटं उदाहरण पार्लेचं. त्यांचं बिस्किट आधी पार्ले ग्लुको म्हणून खपायचं. ग्लुको, ग्लुकोज नावाची बिस्किटं जो तो काढू लागला तेव्हा १९८०च्या दशकात त्यांनी नाव पार्ले-जी केलं. पण पिवळसर पट्ट्यांचं वेष्टण आणि त्यावरची मुलगी यांना हात लावला नाही. बदलायला हवं होतं ते बदललं आणि लोक ज्याला ओळखतात ते सोडलं नाही. एवढ्या मोठ्या कंपनीला जे सांभाळावंसं वाटलं ते आपल्या कुंडई-बेतोड्याच्या शेडमध्ये पापड लाटणाऱ्या गटानं का फेकून द्यावं?

याचा अर्थ नाव कधी बदलूच नये असा माझा आग्रह नाही. काही वेळा ते बदलावंच लागतं, आणि आमच्या फोंडा तालुक्यात त्याचं एक खास कारण आहे. इथे धंदा काढायचा म्हणजे पाटीवर देवाचं नाव. श्री शांतादुर्गा, श्री मंगेश, श्री म्हाळसा, श्री नागेश, श्री रामनाथ. श्रद्धेनं दिलेली नावं आहेत, माझ्या छापखान्याचं नावही तसंच आहे. पण एकाच नावाची मेसही असते, हार्डवेअरचं दुकानही, फरसाणही आणि कॅटररही. एका फरसाणवाल्या मित्राला याचा फार त्रास झाला. त्याच्याच नावाचा दुसरा फरसाणवाला पलीकडच्या शहरात होता. फोनवरच्या ऑर्डरी इकडच्या तिकडे जायच्या. एकदा खवट शेवेच्या पुडीचा फोटो आणि सोबत तावातावानं लिहिलेला मजकूर त्याच्या मोबाइलवर आला. पुडी त्याची नव्हतीच. पण तो मजकूर तोवर गावच्या ग्रुपवर फिरला होता आणि कुठल्या गावचं फरसाण ते कोण पाहणार! अशा वेळी वेगळं नाव घेणं हाच मार्ग.

या मित्राची अडचण वेगळीच होती. देवीचं नाव काढायचं म्हणजे पाप लागेल असं त्याच्या आईला वाटत होतं, आणि त्या भावनेला हसण्यासारखं काही नाही. इथे एक साधी गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. धंद्याला तीन ठिकाणी नाव असतं. कागदोपत्री फर्मचं नाव, दुकानाच्या पाटीवरचं नाव आणि पुडीवरचं ब्रँडचं नाव. ही तिन्ही एकच असावीत असा कुठलाही नियम नाही. वजनमापाच्या २०११च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांप्रमाणे पुडीवर उत्पादकाचं नाव आणि पत्ता छापावाच लागतो. म्हणजे ब्रँड नवा आला तरी देवीच्या नावाची फर्म प्रत्येक पुडीवर राहतेच. मित्राच्या दुकानाची पाटी आणि फर्म तीच राहिली, पुडीवर नवं नाव आलं. हे कळल्यावर आईनंच नव्या नावाची पहिली पुडी देवीसमोर ठेवली.

नवं नाव घ्यायचं तर ते आपलं म्हणून टिकेल असं घ्यावं. लोकांना 'गोवन' हा शब्द फार आवडतो. गोवन मसाला, गोवन काजू, गोवन हे आणि गोवन ते. पर्यटकाला समजतं हे खरं. पण १९९९च्या ट्रेडमार्क कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणे नुसतं मालाचं वर्णन करणारं किंवा नुसतं ठिकाण सांगणारं नाव सहसा नोंदवून मिळत नाही. मिळत नाही म्हणजे उद्या शेजारच्यानं तसंच काढलं तर तुम्ही त्याला अडवू शकत नाही. देवाधर्माच्या नावांचंही तसंच. 'रामायण' हे नाव अगरबत्तीसाठी एकट्यानं राखून ठेवता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०१५ साली दिला आहे. सासूबाईंचं साधं घरगुती नाव या दृष्टीनं 'गोवन'पेक्षा कितीतरी मजबूत होतं, आणि घरातल्या कुणालाच त्याची कल्पना नव्हती.

त्यातच भौगोलिक मानांकनाचा, म्हणजे एखाद्या भागाच्या खास मालाला मिळणाऱ्या 'जीआय' नोंदीचा भाग येतो. फेणीला २००९ साली ते मिळालं, गोव्यातलं ते पहिलंच. पुढे खोलची मिरची, गोव्याचं खाजें, मानकुराद आंबा, बेबिंका यांनाही मिळालं. ही नावं त्या त्या भागातल्या उत्पादकांची सामाईक मालमत्ता आहेत. ब्याडगी मिरचीच्या तिखटावर 'खोल' छापून द्या म्हणणारी माणसं माझ्याकडे येतात. मी छापून देत नाही. काणकोणच्या डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर ती मिरची पिकवणाऱ्या बायकांच्या तोंडचा घास आहे तो.

नाव मनात आलं की डिझाइनरकडे जाण्याआधी ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर शोध घ्यावा. त्याला पैसे पडत नाहीत. मालाचा वर्ग निवडायचा, मसाले आणि पापड तीसमध्ये येतात, लोणची आणि भाजलेले काजू एकोणतीसमध्ये, सरबतं बत्तीसमध्ये. तेच नाव, आणि उच्चाराला तसंच लागणारं नाव, दोन्ही तपासायची. मोकळं असेल तर अर्ज करावा. एकट्यादुकट्या व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे. अर्ज रजिस्ट्रीच्या जर्नलमध्ये छापला गेल्यावर चार महिने हरकतीला असतात, नोंद झाली की ती दहा वर्षं चालते आणि पुढे वाढवता येते. आणि एक विनंती. शोभा म्हणून गोलातला 'आर' लेबलावर टाका असं मला सांगू नका. नोंदणी झाल्याशिवाय ती खूण वापरणं कायद्यात बसत नाही. अर्ज केला असेल तर 'टीएम' टाकता येतं.

आता पैशाचं. नव्या नावाच्या उत्साहात लोक थेट छापील पुडीची ऑर्डर देतात, आणि खरा फटका तिथे बसतो. ग्रॅव्ह्युअरवर, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरांनी छापणाऱ्या मशीनवर, छापलेल्या पुडीला प्रत्येक रंगाचं वेगळं सिलिंडर करावं लागतं. पाच रंग असले की पाच सिलिंडरं. आणि ती मशीन चालू करायची तर कमीत कमी काही किलो माल घ्यावाच लागतो, शंभर-दोनशे पुड्या कुणी छापून देत नाही. नंतर एक अक्षर बदलायचं म्हटलं तरी त्या रंगाचं सिलिंडर नवं. शुद्धलेखनाची चूक राहिलेल्या, पत्ता बदललेल्या, कुणालाच न आवडलेल्या नावाच्या पुड्यांची पोती मी लोकांच्या सोप्यावर पडलेली पाहिली आहेत. म्हणून माझं सांगणं असं की पहिले सहा महिने साधी पुडी घ्या आणि त्यावर स्टिकर लावा. स्टिकर थोडे छापता येतात, चुकले तर दुरुस्त करता येतात. लोकांच्या अंगवळणी नाव पडलं, दुकानदार ते घेऊन माल मागू लागला, की मग सिलिंडर करा. जुन्या पुड्या आधी संपवा.

वेळही पाहावी. मसाले, मिरची, सोलं, पापड यांचा आपल्याकडचा खरा हंगाम पुरुमेंताचा, म्हणजे पावसाआधीच्या बेगमीचा, एप्रिल-मे. त्यानंतर चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. या दोन्हींच्या तोंडावर नाव बदलायचं नाही. वर्षाची बेगमी करायला आलेली बाई गर्दीत ओळखीची पुडी शोधते, ती दिसली नाही तर शेजारची उचलते आणि वर्षभर तीच चालवते. पावसात डिझाइन करा, चवथ होऊन दुकानांतल्या फळ्या रिकाम्या झाल्या की नवं लेबल लावा. पुढचं पुरुमेंत आणि पुढची चवथ पार पडेपर्यंत नव्या नावाखाली 'पूर्वीचे' म्हणून जुनं नाव वाचता येईल एवढ्या अक्षरात ठेवा. ते काढायची घाई डिझाइनरला असते, तुम्हाला नसावी.

कागदपत्रांचं फार लिहीत नाही, त्यासाठी प्रत्येकाचा सीए असतो. जीएसटीत व्यापारी नाव बदललं तर पंधरा दिवसांत दुरुस्तीचा अर्ज करायचा. अन्नसुरक्षेच्या परवान्यात, पंचायतीच्या किंवा पालिकेच्या परवान्यात जे नाव आहे ते जुळतं का पाहायचं. लोक विसरतात ते दुसरंच. काउंटरवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की बँकेतलं नाव दिसतं. पाटीवर एक नाव आणि मोबाइलवर भलतंच, म्हणून माणूस पैसे पाठवताना थांबतो, "हेंच न्ही?" असं विचारतो. गूगलच्या नकाशावरही नवी नोंद उघडू नये, जुन्या नोंदीतलं नाव दुरुस्त करावं, म्हणजे लोकांनी दिलेले अभिप्राय तिथेच राहतात. आणि फोन नंबर तर मुळीच बदलू नये.

लिपीबद्दल मला कळकळीनं सांगायचं आहे. नवं लेबल म्हणजे देवनागरी काढायची, असं जणू ठरूनच गेलं आहे. अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे पुडीवरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत हवी, आणि त्याशिवाय इतर कुठलीही भाषा छापायला पूर्ण मोकळीक आहे. मग समोरच्या बाजूला आपलं नाव आपल्या लिपीत ठेवायला कोण अडवतं? पर्यटकासाठी खाली रोमनमध्ये द्या, जरूर द्या. पण वर्षभर माल घेणारी बाई सावईवेऱ्याची, केरीची, बांदोड्याची आहे. तिला वाचता येईल असं अक्षर पुडीवर असणं हा तिचा मान आहे. सुबक देवनागरी अक्षर बसवायला वेळ लागतो, वेलांटी आणि रफार नीट बसवावे लागतात, म्हणून काही डिझाइनर ते टाळतात. त्यांच्या सोयीसाठी आपण आपली पुडी मुकी करू नये.

माझी विनंती दोन ठिकाणी आहे. महिला मंडळांसाठी आणि स्वयंसाहाय्य गटांसाठी उद्योगाची प्रशिक्षणं भरतात, तिथे पॅकिंग आणि डिझाइनवर व्याख्यानं होतात. त्यात एक तास असा ठेवावा की संगणक उघडून प्रत्येक गटाचं नाव ट्रेडमार्क रजिस्ट्रीत तिथल्या तिथे शोधून दाखवायचं आणि अर्ज कसा भरतात ते समजावायचं. त्यासाठी तज्ज्ञ मुंबईहून आणायची गरज नाही. फोंडा, म्हापसा, मडगाव इथल्या छापखान्यांतली माणसंही बोलावली तर येतील, मी तर नक्की येईन. दुसरी विनंती आपल्या दैनिकाला. पुरुमेंताची लेबलं लोक फेब्रुवारी-मार्चमध्येच छापायला टाकतात. त्याआधी या विषयाची माहिती सोप्या मराठीत एका पानावर आली, तर निदान त्या वर्षी काही घरांच्या सोप्यावरची पोती वाचतील.

आपला विश्वासू,
एक मुद्रण व्यावसायिक,
फोंडा, गोवा